एकट्यानं सुटत नाही तंबाखू

१ एप्रिल २०१६ पासून भारतात तंबाखूच्या प्रत्येक पाकिटाची ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला द्यावी लागते. सडलेला जबडा, गळ्याला पडलेलं भोक, पाहवणार नाही असंच ते चित्र असतं. पण बेळगाव-निपाणीकडच्या खेड्यांत बायकांच्या तोंडात जाणारी बरीचशी तंबाखू पाकिटातून येतच नाही. बाजारातून वजनावर सुटी आणलेली पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांवरून फिरवायची. ही मिश्री. कुणी मिसरी म्हणतं, कुणी मशेरी. तिला पाकीट नाही, त्यामुळे चित्रही नाही. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण ती कारखान्यांना. घरच्या तव्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

येळ्ळूर हे कर्नाटकातल्या बेळगावच्या दक्षिणेचं मोठं मराठी गाव. २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक हटवण्यावरून जो वाद पेटला, त्यानं गावाचं नाव देशभर गेलं. त्याआधी आणि नंतरही गावाची ओळख कुस्तीचं मैदान, ग्रामीण मराठी साहित्य संमेलन आणि पाठीशी उभा असलेला राजहंसगड, म्हणजेच येळ्ळूरगड, ही आहे. इथल्या भाताच्या शिवारात राबणारी माणसं आणि पलीकडे महामार्गानं सुमारे ७५ किलोमीटरवरचा निपाणीचा तंबाखूपट्टा या दोन टोकांमधल्या मुलखापुढे मला एक साधा प्रश्न ठेवायचा आहे. माणसं आरोग्याला घातक सवयी सोडतात ती नेमकी कशानं?

माहितीनं, असं आपण धरून चालतो. म्हणून भिंती रंगवतो, पत्रकं वाटतो, ३१ मेला, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिनी, शाळेतल्या मुलांची फेरी काढतो. पण माहिती तर केव्हाच पोचली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात दहापैकी नऊहून जास्त प्रौढांनी सांगितलं की तंबाखूनं गंभीर आजार होतात. त्याच सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के आणि कर्नाटकात २२.८ टक्के. तोंडात तंबाखू धरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मनात ती सोडायचा विचार होता. कळतं पण वळत नाही, असं म्हणून हा विषय आपण तिथंच सोडून देतो आणि दोष त्या माणसाच्या मनाच्या दुबळेपणावर टाकतो. हा दोष बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो, असं माझं मत आहे.

मिश्री लावणाऱ्या बाईला विचारलं तर ती कारणं सांगते. लावल्याबिगर पोट साफ होत नाही. दाढ ठणकते, ती थांबते. भूक मारते, म्हणजे दुपारपर्यंत शेतात राहता येतं. आरोग्यावर भाषण करणारे या कारणांना अडाणीपणा म्हणतात, आणि बाई त्यांच्याकडे पाठ फिरवते ती तिथंच. कारण तिचं म्हणणं बरोबर असतं. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं, हे वैद्यकशास्त्र सांगतं. वर्षानुवर्षं ते मिळत राहिलं की आतड्यांना त्याचीच सवय होते आणि एक दिवस बंद केलं तर खरोखर बद्धकोष्ठ होतं. निकोटिन वेदना थोडी बोथट करतं आणि भूकही दाबतं. दाढेचा ठणका थांबतो तोवर खाली हिरडी खराब होत राहते, हे तिला दिसत नाही. पण ठणका थांबतो हे ती रोज अनुभवते. म्हणून तिला ‘ही वाईट गोष्ट आहे’ असं सांगण्याऐवजी ‘सोडल्यावर तीन-चार आठवडे पोटाचा त्रास होईल, सकाळी गरम पाणी घ्या, भाकरीबरोबर पालेभाजी वाढवा, मग आपोआप बसेल’ असं सांगणारी आशाताई जास्त उपयोगी ठरते.

चुन्याचंही तसंच शास्त्र आहे. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावला की ती अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्यानं रक्तात उतरतं. मेंदूला त्याची चटक लागते आणि पुढचा बार भरायची वेळ मेंदूच सांगू लागतो. सोडणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. चिडचिड होते, झोप उडते, हात रिकामे वाटतात. पण हुक्की येते ती काही मिनिटांचीच असते. तेवढी टाळली की उतरते. ही गोष्ट पाकिटावरच्या चित्रात नसते. भीती दाखवली जाते, वाट दाखवली जात नाही.

आता सोबतीचा भाग. आपल्याकडे तंबाखू एकट्यानं खायची वस्तू नाही. बांधावर दोघं भेटले की एकजण चंची काढतो, दुसरा चुन्याची डबी. ‘काढा की जरा’ म्हणणं हा बोलणं सुरू करायचा सर्वांत सोपा मार्ग आहे, परक्या गावातसुद्धा. बायकांची मिश्री पहाटे ओट्यावर, न्हाणीजवळ, चार जणींच्या गप्पांत लागते. दिवसभराच्या कामाआधी बाईला स्वतःसाठी मिळणारी ती बहुधा एकमेव पंधरा मिनिटं असतात. सोडायची म्हणजे केवळ निकोटिन सोडायचं नसतं, तो ओटा आणि त्या गप्पाही सोडायच्या असतात. वारकरी परंपरेत एक मोठी युक्ती आहे. माळ घातली की मटण आणि दारू सुटते. आणि सुटलेली राहते, कारण माळ गळ्यात सगळ्या गावाला दिसते. पिणाऱ्याला स्वतः नाही म्हणावं लागत नाही, माळच नाही म्हणते. पण या व्रताच्या यादीत तंबाखू सहसा धरली जात नाही. गळ्यात माळ आणि कनवटीला चंची अशी माणसं बेळगाव भागात पावलोपावली भेटतात, आणि त्यात त्यांना काही विसंगती वाटत नाही. वारकरी मंडळींनी यावर विचार करावा, एवढंच म्हणतो.

निपाणीकडे वळल्यावर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. तिथं तंबाखू हे व्यसन नंतर आहे. आधी ते पीक आहे, वखारीतली मजुरी आहे, घरात बसून वळलेल्या हजार बिड्यांचा भाव आहे. १९८० च्या सुमारास निपाणीच्या वखारींतल्या तंबाखू कामगार बायकांनी संप केला, संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या बायकांच्या चित्रपट गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. या बायका दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसत. कोंदट वखारीत नाकातोंडात तंबाखू जाई. ओली पानं हाताळणाऱ्यांच्या कातडीतून निकोटिन शरीरात शिरतं, मळमळतं, चक्कर येते, हेही आता नीट नोंदलं गेलं आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. ज्या मुलखात तंबाखूच्या भावासाठी माणसं मेली, तिथं जाऊन ‘तंबाखू मारते’ असा फलक लावायचा असेल तर आधी पाच मिनिटं थांबून विचार करायला हवा.

अशीच अडचण फिनलंडच्या नॉर्थ कॅरेलिया प्रांतात होती. १९६० च्या दशकाअखेर तिथले पुरुष हृदयविकारानं जगात सर्वाधिक प्रमाणात मरत होते. १९७१ मध्ये लोकांनीच सरकारकडे अर्ज करून मदत मागितली आणि १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या हाती काम आलं. लोण्याचा जाड थर दिलेला पाव हे त्यांचं रोजचं अन्न, आणि गाईचं दूध हीच प्रांताची कमाई. लोणी सोडा म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणं होतं. पुस्कानं दवाखान्यात बसून उपदेश केला नाही. त्यानं ‘मार्था’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेला हाताशी धरलं. त्या बायकांनी गावोगाव मेजवान्या घेऊन कमी चरबीचे पदार्थ खाऊ घातले. गावोगावच्या वजनदार माणसांना स्वयंसेवक केलं. कोणतं गाव कोलेस्टेरॉल जास्त उतरवतं अशा गावागावांत शर्यती लावल्या. बेकरीवाल्यांना मीठ आणि चरबी कमी करायला राजी केलं. आणि पुढं दूध उत्पादकांना बोरांसारख्या फळांच्या शेतीकडे वळायला सरकारी पाठबळ मिळवून दिलं. चाळीस वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. निपाणी भागात उसानं आणि सोयाबीननं तंबाखूची बरीच रानं घेतली आहेत, पण ती भावाच्या आणि पाण्याच्या हिशेबानं. आरोग्याच्या कारणासाठी कुणी त्या शेतकऱ्याच्या आणि वळणाऱ्या बाईच्या बाजूनं उभं राहिलं नाही. बिडीच्या नावानं रडणारे आणि बिडीवर जगणारे एका टेबलाशी कधी बसलेच नाहीत.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. सांगण्याचा उपयोगच होत नाही असं नाही. बार्शीला टाटा मेमोरियलच्या मदतीनं १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीसाठी गावोगाव फिरणारी माणसं बायकांशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणंही बोलत. काही वर्षांनी दिसलं की बायका आधीपेक्षा लवकर, आजार थोडा असतानाच इस्पितळात येऊ लागल्या आहेत. तपासणीची मोठी यंत्रणा नव्हती. बोलणं होतं, आणि जायला जवळ इस्पितळ होतं. बाळंतपणाचं उदाहरण तर याहून ठळक आहे. २००५-०६ मध्ये कर्नाटकात सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२० मध्ये ९७ टक्के. एका पिढीच्या आत घरची सुईण मागं पडली. तेही जननी सुरक्षा योजनेचे पैसे, दारात येणारी आशा, २००८ मध्ये राज्यात आलेली १०८ ची गाडी आणि शेजारणीची दवाखान्यात झालेली सुखरूप सुटका या सगळ्यांच्या मिळून जोरावर. दवाखान्यात जाणं ही एकदा करायची गोष्ट आहे, आणि कुणीतरी नेणारं असलं की ती होते. मिश्री मात्र दिवसातून तीन-चार वेळा, रोज सोडावी लागते. दोन्हींना एकच पत्रक पुरत नाही.

बेळगावनं बाळंतपणाच्या विषयात जगाला एक धडा दिला आहे, तो फार थोड्या बेळगावकरांना ठाऊक असतो. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला नर्सनं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या द्यायच्या, एवढीच गोष्ट. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं गेलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. औषधाचा गुण खरा, पण ते पोचवणारी होती गावातली नर्स, जिला त्या घरातल्या सगळ्यांची नावं ठाऊक होती.

कोण सांगतं याला किती महत्त्व आहे हे सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेनं दाखवलं. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या काळात, १९९२ पासून, मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेश्यावस्तीत काम सुरू केलं. निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते नेमण्याऐवजी त्याच बायका तयार केल्या. पुढं १९९६ मध्ये त्यांचीच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, आणि तिचं काम सीमा ओलांडून निपाणीपर्यंत पोचलं. गिऱ्हाइकाला ‘निरोध नसेल तर नाही’ असं एकटी बाई म्हणाली तर तो शेजारच्या खोलीत जातो. सगळ्याजणी म्हणाल्या तर त्याला जायला जागाच उरत नाही. तिथं वागणं बदललं ते बायकांनी आपापसात ठरवल्यामुळे.

तंबाखूवर भारतातला सर्वांत जुना मोठा प्रयोगही आपल्या मुंबईतूनच झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहतांच्या गटानं आधी पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून अधिक खेडूतांची तोंडं तपासली. त्यात मिश्री लावणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. नंतर १९७७ च्या सुमारास केरळ, आंध्र आणि गुजरातच्या तीन जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांशी समोरासमोर बसून, चित्रपट दाखवून, लोकनाट्यं करून ती सोडण्याविषयी ते वर्षानुवर्षं बोलत राहिले. दरवर्षी तीच माणसं पुन्हा गाठली. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्या तोंडात पांढरे चट्टे, म्हणजे कर्करोगाआधीची पायरी, पुष्कळ कमी दिसले. एकदा येऊन गेलेल्या पथकानं हे घडलं नसतं.

आपल्या दवाखान्यांत मात्र विचारणाच अर्धवट होते. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना सोडायचा सल्ला मिळाला होता. तोंडातली तंबाखू वापरणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्यालाही नाही. बाईला तर ‘सिगारेट ओढता का’ हा प्रश्न विनोदीच वाटतो आणि मिश्रीचं नाव कुणी काढत नाही. गरोदरपणात हे फार महाग पडतं. मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये ‘बीएमजे’त छापलेल्या अभ्यासात तोंडातून तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी जन्मली. तपासणीला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला मिश्रीबद्दल नाव घेऊन, न रागावता विचारणं याला एक पैसा लागत नाही.

आणि विचारायचं ते तिच्या भाषेत. सीमाभागातला हा जुना सल आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात ठरलेलं सूत्र असं की तालुक्यात १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात. फलकांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची ती घ्या. पण मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी किती, हे आजीला वाचता येणाऱ्या लिपीत आणि समजणाऱ्या भाषेत असणं हा राजकारणाचा विषय नव्हे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि त्यावरून दोन्ही राज्यांत ठिणग्या उडाल्या. उपचाराच्या पैशावर दोन सरकारं भांडली. आजार होऊ नये म्हणून मराठीत बोलायला मात्र दोघांपैकी कुणी पुढं आलं नाही.

सरकारचं काम खरं आहे ते भाव आणि कायद्याचं, कारण ते एकट्याला करता येत नाही. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकानं २०१३ मध्ये. मधल्या काळात कर्नाटकातली पुडी महाराष्ट्रात नेणं हा धंदाच झाला. दोन्हीकडे बंदी झाल्यावर कंपन्यांनी पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी काढली. टपरीवर दोन्ही फाडून एकत्र करायला किती वेळ लागतो? तरीही कायदा वाया गेला असं मी म्हणणार नाही. २००९-१० आणि २०१६-१७ च्या सर्वेक्षणांमध्ये देशातला तंबाखूचा वापर ३४.६ टक्क्यांवरून २८.६ वर आला, आणि पंधरा ते सतरा वर्षांच्या पोरांमध्ये तो निम्म्याहून कमी झाला. कर्नाटकानं आता २१ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला बंदी केली आहे. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं ठरवलं, बिडी कामगारांच्या पोटाचं नाव घेऊन. भाव वाढला की गरीब आधी सोडतो, पोरं सुरूच करत नाहीत, हे जगभर दिसून आलेलं आहे. वळणाऱ्या बाईला दुसरं काम द्यायचं सोडून ओढणाऱ्याला स्वस्त बिडी दिली, हा माझ्या मते चुकीचा सौदा आहे.

ब्रिटिश वैद्य जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये एक मुद्दा मांडला, तो आरोग्य खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवण्यासारखा आहे. थोड्या अतिधोक्याच्या माणसांना शोधून वाचवण्यापेक्षा सगळ्या लोकांचा धोका थोडाथोडा कमी केला तर एकूण जास्त जीव वाचतात. मात्र त्यात प्रत्येकाला मिळणारा फायदा इतका लहान असतो की तो कुणालाच जाणवत नाही. म्हणून मीठ थोडं कमी खाल्लं, बार दोन कमी भरले याचं कौतुक कुणी करत नाही. कौतुक इस्पितळातून वाचून आलेल्याचं होतं.

यावर एक उपाय अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून सुचतो. तिथल्या बारा हजारांवर लोकांची तीस वर्षांची नाती-मैत्री तपासल्यावर २००८ मध्ये दिसलं की लोक सिगारेट एकेकटे सोडत नाहीत, टोळीनं सोडतात. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. जे ओढत राहतात ते हळूहळू मित्रमंडळाच्या कडेला पडतात. चंची पुढं करणाऱ्याला आपल्याकडे अजून कुणी कडेला टाकत नाही. पण टाकता येईल असे गट गावात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेनं गावाच्या संघटनेलाच ठरवायला लावलं की आपल्या टपरीवर काय विकायचं आणि काय नाही. त्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी होती, तरी दारू मिळत होती. गावानं ठरवलं तिथं मिळेनाशी झाली.

येळ्ळूरला असा गट नव्यानं उभा करावा लागणार नाही. तालमीत वस्तादाचा शब्द अंतिम असतो. पोराला दम लागतो की नाही हे तो पहिल्या दोन जोडींत ओळखतो, आणि दम तंबाखूनं, विडीनं जातो हे त्याला कुण्या पत्रकातून शिकावं लागत नाही. मैदानाच्या दिवशी पंचक्रोशीतली हजारो माणसं जमतात. त्या दिवशी मैदानाच्या आवारात तंबाखूची एकही टपरी नसेल, आणि जिंकलेल्या मल्लाच्या तोंडून दोन वाक्यं ऐकू येतील, तर ती आरोग्य खात्याच्या शंभर फलकांना भारी पडतील. साहित्य संमेलनात एक तास या विषयाला दिला तर तो वाया जाणार नाही. बायकांच्या बाजूनं बचत गट आहेतच. महिन्याच्या हिशेबात मिश्रीच्या पानांचा खर्च वेगळ्या रकान्यात लिहायला सुरुवात करा. पहिल्याच महिन्यात रक्कम पाहून बऱ्याचजणी चमकतील. मग चौघी-पाचजणींनी एकाच दिवशी तव्यावरचं भाजणं थांबवावं. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत नको, त्या धांदलीत सुरू केलेलं टिकणार नाही. सुगी संपल्यावरची सवड बरी. सकाळचा ओटा आणि गप्पा मात्र चालू ठेवाव्यात. हातात डबीऐवजी ब्रश असला म्हणजे झालं. पहिले तीन दिवस एकमेकींकडे जाऊन यावं, महिनाभर रोज विचारपूस करावी. एखादीचा मध्येच हात वळला तर तिला गटाबाहेर काढू नये. सोडणारे बहुतेकजण दोन-तीनदा मागं फिरूनच कायमचे सुटतात.

ज्यांना गावात कुणापुढं बोलणं नको वाटतं त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तंबाखू सोडवणारी फुकट दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू आहे. क्रमांक १८००-११-२३५६, पलीकडचा समुपदेशक पुन्हा पुन्हा फोन करून चौकशी करतो. सुरुवातीला हात रिकामा राहत नसेल तर २ मिलिग्रॅम निकोटिनची चघळायची गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. गरोदर बायकांनी आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र ती घेण्याआधी डॉक्टरला विचारावं. क्रमांक लिहून ठेवा. आणि फोन लावाल तेव्हा ज्याच्याबरोबर रोज बार भरता, त्यालाही शेजारी बसवून घ्या.